एक हंडी राहू द्या

बाबांच्या अंगणात कुणी रिकामं भांडं घेऊन आलं, की ते आधी पाणी द्यायचे, बसायला सांगायचे आणि मग विचारायचे, "काऊन पायजे?"

हा प्रश्न सगळ्यांना होता. गावच्या पाटलाला होता, जंगलखात्याच्या नाकेदाराला होता आणि गोंदियाच्या राईस मिलमधून सुटीवर आलेल्या स्वतःच्या मुलालाही होता. कारण सांगितल्याशिवाय त्यांच्या भट्टीतल्या मोहाच्या दारूचा थेंब कुणाला मिळत नसे. घरी मूल जन्मलं, लग्न ठरलं, कुणी वारलं, नवा तांदूळ शिजवायचा आहे, बडादेवाला नवस फेडायचा आहे, ही कारणं चालत. "मन झालं" हे कारण चालत नसे. मन झालं म्हणणाऱ्याला ते आणखी एक गडवा पाणी देत आणि वाटेला लावत.

मी त्या गावात मास्तर म्हणून गेलो तेव्हा स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. माझं घर सौंदडकडचं, धान पिकवणारं. वय बावीस-तेवीस. देवरीला बसमधून उतरायचं आणि तिथून जंगलातल्या पायवाटेनं दोन तास चालायचं. जनपद सभेनं शाळा मंजूर केली होती, पण इमारत नव्हती. गाव बहुतेक गोंडांचं. शाळा कुठे भरवायची यावर पाटलाच्या घरी चर्चा चालली असताना मागे बसलेला एक उंच, वाळलेला म्हातारा उठला आणि माझ्यापुढे येऊन उभा राहिला. त्यानं मलाही तोच प्रश्न विचारला.

"गुरुजी, शाळा काऊन पायजे?"

मुलं शिकतील, अर्ज-कागद वाचता येतील, कुणी फसवणार नाही, असं मी काहीतरी म्हणालो. म्हाताऱ्यानं थोडा विचार केला आणि सांगितलं, "बरोबर आहे. माह्या छपरीत भरवा."

ते हे बाबा. पुढची पाच वर्षं शाळा त्यांच्या छपरीत भरली आणि मी त्याच घराच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहिलो. कागदपत्रं वाचता यावीत आणि कुणी फसवू नये, हे मीच त्यांना दिलेलं कारण होतं. ते मला आजही आठवतं आणि बरं वाटत नाही.

माझ्या घरी दारूला हात लावणारं कुणी नव्हतं. शाळेत असताना मी दारूबंदीच्या प्रभातफेऱ्यांत घोषणा दिल्या होत्या. त्यामुळे छपरीच्या मागे भट्टी आहे हे कळल्यावर माझं मन खट्टू झालं. बाबांनी ते ओळखलं असावं. शाळा भरलेली असताना त्यांनी भट्टीला कधी आग लावली नाही. फुलं मात्र मडक्यांत भिजत पडलेली असत आणि चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांचा आंबूस-गोड वास पाढ्यांच्या मधून फिरत असे. मुलांना त्याचं काही वाटत नसे. मलाच वाटे.

बाबांच्या वाट्याची मोहाची चार झाडं होती. चैत्रात उजाडायच्या सुमाराला फुलं टपटप गळू लागतात. ती वेचायला सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पालापाचोळा जाळतात आणि जमीन साफ करतात. कधी ती आग जंगलात शिरते आणि मग नाकेदार येऊन सगळ्या गावाला धारेवर धरतो. बाबा जाळत नसत. झाडू घेऊन चारही झाडांखालची जमीन झाडून काढत, अंगण झाडावं तशी. त्याला आठ-आठ दिवस लागत. लोक हसत. एकानं माझ्यासमोर त्यांना विचारलं, "काऊन बाबा, जंगलात पावने येऊन राहिले का?" बाबा झाडू न थांबवता म्हणाले, "फूल खाली येते ना. ते पावनाच आहे."

त्या झाडांना त्यांनी नावं दिली होती. एक मोठी, एक मधली, एक लंगडा आणि चौथी सासू. सासू का, तर ती सगळ्यांत उशिरा फुलायची आणि तिची निम्मी फुलं शेजाऱ्याच्या बांधात पडायची. वाळलेलं फूल चावून ते कोणत्या झाडाचं हे बाबा सांगत. मी एकदा परीक्षा म्हणून चार पुड्या करून त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी चारही बरोबर सांगितल्या आणि वर विचारलं, "मंग गुरुजी, पास?"

भट्टीची कला घरात पुढे जायची ती सुनेकडे. मुलगा मिलच्या नादात, बोलण्यातही हिंदी जास्त. आला की म्हणे, "बापू, अब ये सब कौन करता है?" आणि बाजारातली बाटली पिऊन झोपे. सून मात्र सासऱ्याच्या हाताखाली तयार झालेली. खालच्या हंडीत आंबलेली फुलं, तिच्यावर दुसरं मडकं आणि सगळ्यांत वर गार पाण्याचं भांडं. वाफ वर जाऊन गार होते आणि मधल्या मडक्यात थेंब थेंब गळते. तिन्ही भांड्यांच्या सांध्यांना माती लिंपायची. तो लेप सून असा लावी, की वाफेची रेघसुद्धा बाहेर दिसत नसे. वरचं पाणी गरम झालं की बदलायचं आणि सातव्या पाण्याला आग ओढायची. ते सातवं पाणी कधी, हे बाबा तिला विचारत आणि ती म्हणेल तेव्हाच आग ओढत. "माह्यापेक्षा इले जास्त समजते," असं ते मला दोनदा तरी म्हणाले होते. सून ते ऐकून डोक्यावरचा पदर सारखा करी आणि उगीच चुलीतलं लाकूड हलवी.

पहिल्या धारेचे थेंब जमिनीवर. मग घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं. मग ज्याचं काम असेल त्याला. बाबा स्वतः सगळ्यांत शेवटी एक पळसाचा द्रोण घेत, तोही ज्याच्या घरी कार्य असे त्याच्या दारात बसून. एरवी नाही. पाच वर्षांत मी त्यांना झिंगलेलं पाहिलं नाही.

कारणाच्या बाबतीत त्यांना फसवायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. एका माणसानं सासू वारली म्हणून हंडीभर दारू मागितली. बाबांनी थोडीशी दिली आणि म्हणाले, बाकीची मी घेऊन येतो, भेटाले यायलाच पायजे. दुसऱ्या दिवशी ते चार कोस चालत त्या सासूच्या गावी गेले. सासू अंगणात धान कांडत होती. बाबांनी तिच्या हातचं पाणी प्यायलं, तब्येत विचारली आणि परत आले. जावयाला एक शब्द बोलले नाहीत. पुढे दीड वर्षानं ती बाई खरंच वारली. जावई तोंड लपवत होता, तर बाबा स्वतः त्याच्या घरी भांडं घेऊन गेले. "घे," म्हणाले, "मागच्या बारीले तू लवकर आलता."

आणखी एका कारणाला ते देत नसत. आजाराला. खोकला झाला, अंग दुखतं, बाळंतिणीला गारठा आला म्हणून कुणी मागायला आलं, की बाबांचा चेहरा बदले. "आजाराले वैदू आहे, देवरीले दवाखाना आहे. अठी नाई." एवढं बोलून ते आत जात. या एका बाबतीत ते पाणीसुद्धा द्यायचे विसरत. मी हे कितीदा तरी पाहिलं होतं. का, ते मी विचारलं नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

मग आमचा भाग मुंबई राज्यात गेला. तिकडची दारूबंदी इकडेही येणार, असं देवरीच्या बाजारात बोललं जाऊ लागलं. मला मनातून आनंद झाला. बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "काऊन बंद करून राहिले?" मी त्यांना दारूनं बुडालेल्या घरांबद्दल सांगितलं. त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे. बिना कारनाची पेतात." त्यांच्या मते सरकारचं आणि त्यांचं म्हणणं एकच होतं. फक्त सरकारला त्यांची भट्टी माहीत नव्हती, म्हणून ते सांगायला हवं होतं.

सांगायची संधीही आली. या भागातल्या भट्ट्यांची पाहणी करायला एक साहेब येणार आहेत आणि ज्याला काही म्हणायचं असेल त्यानं लेखी अर्ज तयार ठेवावा, असा निरोप पाटलाकडे आला. त्या दिवशी शाळा सुटल्यावर बाबा अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून छपरीत माझ्यासमोर मुलांच्या जागी बसले. सून दारात उभी होती. बाबा म्हणाले, "गुरुजी, लिवा." त्यांनी सावकाश सांगितलं आणि मी पेन्सिलीनं एका जुन्या गणिताच्या वहीच्या पानावर त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले. रात्रीतून चांगल्या कागदावर शाईनं उतरवतो, उद्या अंगठा द्या, असं मी सांगितलं.

मी काय केलं ते आता सांगतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या बायकोलाही नाही.

शाईनं लिहायला बसलो आणि माझा हात थांबला. पहिला थेंब जमिनीला, मग मेलेल्यांना, देवाला दारू, ही वाक्यं माझ्या अक्षरात साहेबासमोर जाणार होती. अक्षर माझं चांगलं होतं आणि त्याचा मला अभिमान होता. साहेब अक्षर बघून विचारेल, हे कुणी लिहिलं? शाळेचे मास्तर का? मला लाज वाटली. शिवाय मला वाटलं, देवाचं कारण शिकलेल्या माणसाला पटणार नाही. सरकारला पटेल असं कारण हवं. मी लिहिलं की, सदर गावापासून दवाखाना दूर असल्याने मोहफुलांचा अर्क औषधी उपयोगार्थ अल्प प्रमाणात तयार करण्याची परवानगी असावी. "औषधी उपयोगार्थ" हा शब्द सुचला तेव्हा मी स्वतःवर खूश झालो होतो. बाबांचं भलं करतो आहे असंच मला वाटत होतं. पण नुसतं भलं करायचं असतं तर मी त्यांना विचारलं असतं.

दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "वाचून दाखवा." चांगला कागद माझ्या डाव्या हाताखाली होता आणि पेन्सिलीचं पान उजव्या. मी पेन्सिलीचं पान वाचलं. बाबांनी डोळे मिटून ऐकलं, समाधानानं मान हलवली आणि चांगल्या कागदावर अंगठा उठवला.

पाच-सहा दिवसांनी साहेब आले. दुपारची वेळ. पाटलानं खुर्ची आणून छपरीत ठेवली. मुलांना मी सुटी दिली होती, तरी ती कुंपणाला लटकून होती. साहेब मुंबईकडचे, तरुण, बोलायला शांत. वाईट माणूस नव्हता. त्यांनी भट्टी पाहिली, सुनेला लेपाबद्दल दोन प्रश्न विचारले, तिची उत्तरं लिहून घेतली. मग अर्ज वाचला आणि बाबांना विचारलं, "औषध म्हणून कुणाकुणाला देता?"

बाबा म्हणाले, "कोनालेच नाई."

"अर्जात तसं लिहिलंय."

"नाई, साहेब. आजाराले आमी देत नाई. सारं गाव सांगन."

सारं गाव माना हलवू लागलं. साहेबांनी कागद परत पाहिला. मग विचारलं, "मग कशाला देता?" बाबांनी सांगितलं, जसं मला सांगितलं होतं तसंच. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे अर्जात असतं तर मी वर कळवलं असतं. काय झालं असतं ते सांगत नाही, पण कळवलं असतं. आता तुम्ही कागदावर एक सांगता आणि तोंडानं दुसरं." मग ते माझ्याकडे वळले. "गुरुजी, अक्षर तुमचं दिसतं. यांनी काय सांगितलं होतं?"

बाबाही माझ्याकडे पाहू लागले. त्यांना तोवर काही कळलं नव्हतं. साहेबाची वाचण्यात चूक झाली असावी आणि गुरुजी आता ती दुरुस्त करतील, असंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं. साहेबांनी कागद माझ्या हातात दिला. बाबा म्हणाले, "वाचा ना, गुरुजी. त्या दिसी वाचलं तसं."

मी वाचलं. जे कागदावर होतं ते वाचलं. बाबा माझ्याकडे किती वेळ पाहत होते ते मला सांगता येणार नाही, कारण मी कागदाकडे पाहत होतो. पेन्सिलीचं पान माझ्या खोलीत होतं, दहा पावलांवर. ते आणून दाखवलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. माझी नोकरी कदाचित गेली असती, कदाचित नसती. मी उठलो नाही.

मग बाबांचा आवाज आला. "मीच तसा लिवाले सांगतलो, साहेब. गुरुजीचा कसूर नाई. मले वाटलं दवाईचं नाव केलं तं देतीन."

दारातून सून म्हणाली, "बाबा?" बाबांनी तिच्याकडे हात केला आणि ती गप्प झाली.

साहेबांनी काहीतरी लिहिलं. ते काय होतं ते मी पाहिलं नाही, पण ओळखणं अवघड नव्हतं. जाताना ते पाटलाला म्हणाले, "हे लोक साधे असतात म्हणतात." पाटील हसला. बाबांनी साहेबाला पाणी दिलं.

ते गेल्यावर बाबा माझ्यासमोर बसले. मुलांच्या जागी. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "काऊन लिवलं?"

मी म्हणालो, साहेबाला पटेल असं वाटलं. ते वाट पाहत बसले. मी म्हणालो, तुमच्या चांगल्यासाठी. ते उठत म्हणाले, "म्हंजे मन झालं."

त्यांच्या अंगणातून हे कारण सांगणारे किती जण रिकामे परत गेले होते, ते मी पाहिलं होतं.

खोटं आपल्या अंगावर का घेतलं, असं मी त्यांना विचारू शकलो नाही. ते सुनेनं सांगितलं, तेही मला उद्देशून नाही. अंगणात भांडी घासता घासता ती शेजारणीला सांगत होती आणि मी खोलीत आहे हे तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, बाबा म्हनतात का गुरुजी गेले तं दुसरे कोन येतीन, अन् पोरगे 'बारखडी'वर अटकून राहतीन. मग तिनं दुसरी गोष्ट सांगितली. तिची सासू, म्हणजे बाबांची बायको, तापानं फणफणत असताना बाबा गावी नव्हते. लोकांनी दवा म्हणून घरातलीच दारू तिच्या घशात ओतली. दोन वेळा, तीन वेळा. देवरीला न्यायला उशीर झाला. बाबा परत आले तेव्हा ती गेली होती. "त्या दिसापासून आजाराचं नाव काढलं का बाबा आत जातात," सून म्हणाली आणि घासलेलं भांडं जरा जोरात पालथं घातलं.

मी बाबांच्या अंगठ्याच्या वर जे कारण लिहून दिलं होतं, ते नेमकं हे होतं.

पुढे हुकूम आला. तोडफोड करायला कुणी यायच्या आधीच बाबांनी भट्टी स्वतः उकलली. सांध्यांची माती सुनेनं ओली करून हळूहळू सोडवली, मडकं फुटू नये म्हणून. चुलीचे दगड बांधावर गेले. खालची मोठी हंडी बाबांनी राखेनं तीनदा घासली, धुतली, उन्हात ठेवली आणि शाळेच्या कोपऱ्यात तिवईवर आणून मांडली. म्हणाले, "पोरायले पानी प्यायले होईन." मुलं त्या हंडीतलं पाणी पिऊ लागली. मीही पीत होतो. तीनदा घासूनही मोहाचा वास पूर्ण गेला नव्हता. उन्हाळ्याच्या दुपारी झाकण काढलं की तो हलकेच वर येई. मला दुसरीकडून पाणी आणून पिता आलं असतं. मी तसं केलं नाही. ती शिक्षा होती असं म्हणायचा मोह होतो, पण तेही तितकंसं खरं नाही. तहान लागत असे आणि पाणी गार असे.

दारू बंद झाली का? नाही. नाल्याच्या काठानं, झुडपांच्या आड इतर लोक ती काढू लागले. नवसागर टाकून, घाईघाईनं, कुठलीही फुलं, कसलीही भांडी. तिथं काऊन पायजे हे कुणी विचारत नव्हतं. बंद झाली ती विचारणाऱ्याची भट्टी. सुनेला एकदा तिकडून बोलावणं आलं. तिच्या लेपाची कीर्ती होतीच. ती गेली नाही. तिच्या मुलीला तिनं लेप शिकवला नाही. ते शिकवायला आता भट्टी नव्हती आणि मातीशी नुसतं खेळून काय होणार, असं ती म्हणाली.

बाबा माझ्याशी अबोला धरून राहिले असते तर बरं झालं असतं. ते आधीसारखेच बोलत. सकाळी माझ्या खोलीसमोर पाण्याचा गडवा ठेवत. मी आजारी पडलो तेव्हा देवरीला नेणारी बैलगाडी त्यांनीच जुंपली. फक्त त्यानंतर त्यांनी माझ्याकडून कधी काही लिहून घेतलं नाही. मुलाला गोंदियाला पत्र पाठवायचं असलं, की ते चौथीतल्या एका मुलीला बोलावत, तिच्या शेजारी बसत आणि ती एकेक अक्षर जुळवून लिही. तिची अक्षरं वाकडी असत. ती ओळीखाली जात. बाबा ते पत्र तिच्याकडून दोनदा वाचून घेत आणि मगच अंगठा देत.

चैत्र आला की ते झाडू घेऊन जातच राहिले. भट्टी नसतानाही चारही झाडांखालची जमीन आठ दिवस झाडत. फुलं वेचून वाळवत आणि टोपल्या भरून ठेवत. थोडी भाकरीत जात, थोडी बैलांना. उरलेली तशीच राहत. एकदा धीर करून मी विचारलं, "बाबा, आता काऊन झाडता?" हा त्यांचाच प्रश्न मी त्यांना पहिल्यांदा विचारत होतो. ते झाडूला टेकून उभे राहिले.

"झाडाले कोनी हुकूम देल्ला नाई, गुरुजी. ते टाकूनच राहिलं."

त्यानंतरच्या दुसऱ्या चैत्रात ते गेले. फुलं गळत असतानाच. त्यांच्या घरात मेलेल्या माणसाच्या नावानं आजवर पहिल्या धारेचा थेंब पडला होता. त्यांच्यासाठी तो नव्हता. मुलगा गोंदियाहून आला होता आणि त्यानं पिशवीतून एक बाटली काढली. सुनेनं ती पाहिली आणि विचारलं, "हे काऊन?" मुलानं बाटली परत पिशवीत ठेवली. मग ती शाळेच्या कोपऱ्यात गेली, हंडीतून लोटाभर पाणी घेतलं आणि त्यात बाबांनी वेचलेल्या फुलांतली मूठभर फुलं टाकली. पहिला थेंब जमिनीला दिला. मग त्यांच्या नावानं. मग पळसाच्या द्रोणातून एकेकाला. माझ्यापुढे द्रोण आला तेव्हा ती थांबली. मला वाटलं, आता विचारेल. तिनं विचारलं नाही. द्रोण हातात दिला आणि पुढे गेली.

त्याच वर्षी माझी बदली कामठ्याकडे झाली. मी नंतर हेडमास्तर झालो. पुढे कितीतरी लोकांचे अर्ज लिहिले, आणि प्रत्येक वेळी त्यांना शाईचाच कागद वाचून दाखवला. आता पन्नाशी उलटली आहे. साहेबांनी वर कळवलं असतं तरी सरकारनं परवानगी दिली असती असं मला वाटत नाही. पण ते मी ठरवायचं नव्हतं.

पेन्सिलीचं ते पान माझ्याकडे आहे. मागच्या बाजूला भागाकार आहेत आणि अक्षरं पुसट झाली आहेत. साहेबासमोर जे वाचायला हवं होतं ते मी इथे उतरवतो, एक शब्दही न बदलता.

"साहेबाले रामराम. माह्या घरी एक भट्टी आहे. लेकरू झालं, लगन झालं, मानूस मेला, नवा तांदूर आला, देवाचं काम निंगालं, तवाच मी ते लावतो. पयला थेंब जमिनीले, मंग गेलेल्यायले, मंग जित्यायले. मी शेवटी. आजाराले देत नाई. कोनी मागाले आला तं मी कारन इचारतो अन् खोटं सांगनाऱ्याले देत नाई. तुमालेही इचारतो का बंद काऊन करता. बरोबर कारन असन तं मीच बंद करन. नसन तं एक हंडी राहू द्या. माही सून मले पायून शिकली, तिच्या मांगं आनखी कोनी शिकन. हे समदं खरं आहे. मले लिवता येत नाई, पन हे गुरुजीनं लिवलं आहे, म्हनून बरोबरच असन."